घडीवर कार्ड फुटतं, पांढरी रेघ दिसते: हाताने केलेल्या भेटकार्डांचं नेहमीचं दुखणं

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाची चाळीस आमंत्रणं करायला घेतली होती. गर्द मरून रंगाचं २५० जीएसएमचं (दर चौरस मीटरला २५० ग्रॅम वजनाचं, म्हणजे चांगलं जाड) कार्डशीट, ए४ मधोमध घडी घालून केलेलं ए५ कार्ड, आणि पुढच्या बाजूला सोनेरी कागदाच्या निऱ्या, नऊवारीला असतात तशा एकीवर एक बसलेल्या. निऱ्या सुरेख आल्या. पण कार्डाची मधली घडी घातली की रंग तडकायचा आणि पाठीवर वेडीवाकडी पांढरी रेघ उठायची. अकरा कार्डं वाया गेल्यावर मी थांबले.

बुचकळ्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. त्याच पाकिटातल्या शीटमधून मी वाणाबरोबर द्यायला छोटी ए६ कार्डंही केली होती. रंग तोच, जाडी तीच, पट्टी तीच, हात माझाच. त्यातलं एकही फुटलं नव्हतं.

कार्डं करणाऱ्या मैत्रिणींकडून हीच तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकते आहे, आणि उत्तरंही ठरलेली असतात: कागद हलका असेल, महागाचा घे, घडी हळू घाल. महागाचा कागद आणूनही मोठी कार्डं फुटतात, म्हणून मग माणूस हातालाच दोष देत बसतो. खरं कारण मला आमच्या गल्लीतल्या बाइंडिंगवाल्या काकांनी दाखवलं. त्यांनी समोरचं वर्तमानपत्र उचललं आणि वरून खाली टर्रकन फाडलं. सरळ पट्टी निघाली. मग तेच पान आडवं फाडलं, तर फाट भरकटत गेली. "ताई, कागदाला दिशा असते. लाकडाला असते ना, तशी. तुम्ही दिशेच्या आडवी घडी घालताय," असं म्हणून ते पुन्हा वह्या शिवायला लागले.

कागदाची दिशा म्हणजे काय

गिरणीत कागद तयार होतो तेव्हा लगद्याचं पाणी वेगाने सरकणाऱ्या जाळीवर पडतं. पाणी खाली गळून जातं आणि तंतू जाळीवर राहतात. जाळी सरकत असल्यामुळे बरेचसे तंतू तिच्या सरकण्याच्या दिशेत लांबट होऊन बसतात. या दिशेला छपाईवाले आणि बाइंडर 'ग्रेन' म्हणतात. तोच शब्द मीही इथे वापरते.

घडी ग्रेनच्या दिशेने गेली तर ती तंतूंच्या मधून जाते. तंतू बाजूला सरकतात, घडी सरळ आणि मऊ पडते. घडी ग्रेनला आडवी गेली तर एकेक तंतू मोडावा लागतो. घडीच्या बाहेरचा थर ताणला जातो, आणि वरून रंग दिलेल्या, आतून पांढऱ्या कार्डशीटचा रंगाचा पापुद्रा तिथेच तडकतो. चकचकीत आर्ट कार्डाचं तर विचारूच नका. त्यावरचा लेप ताण सहन करत नाही.

आता ए५ फुटतं आणि ए६ का फुटत नाही, ते पाहा. ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. बाजारात मिळणाऱ्या ए४ पाकिटांत ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूने, म्हणजे २९७च्या दिशेने असतो. या शीटला मधोमध घडी घालून ए५ केलं की घडीची रेघ २१०च्या दिशेने जाते. ती ग्रेनला बरोबर आडवी आली! पण तेच शीट आधी मधून कापून दोन ए५ तुकडे केले, तर प्रत्येक तुकड्यात ग्रेन १४८च्या बाजूने येतो. आणि ए५ची घडी घालून ए६ करताना घडीची रेघही १४८च्याच बाजूने जाते. ग्रेन आणि घडी एका दिशेत आले, म्हणून छोटी कार्डं शहाण्यासारखी वागली.

माझी अकरा कार्डं कापण्याच्या आधीच फुटायची ठरली होती, असं म्हटलं तरी चालेल. घडी घालताना कितीही काळजी घेतली असती तरी फारसा फरक पडला नसता.

ग्रेन ओळखायचा कसा

कापायला बसण्याआधी एवढी तपासणी कराच. पूर्ण शीट टेबलावर ठेवा आणि एक कड उचलून समोरच्या कडेकडे हलकेच वाकवा, घडी पाडू नका. तळव्याने किंचित दाबून बघा किती जोर परत येतो. मग शीट फिरवून दुसऱ्या बाजूने तसंच करा. ज्या बाजूने कागद सहज वाकतो, त्या वाकाची रेघ म्हणजे ग्रेनची दिशा. २०० जीएसएमच्या वरच्या कार्डात हा फरक हाताला लगेच कळतो.

पातळ कागदात हाताला कळत नाही. तिथे एक सेंटिमीटर रुंदीच्या दोन सारख्या लांबीच्या पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून एका टोकाला चिमटीत धरा. जी जास्त लोंबते ती ग्रेनला आडवी कापलेली. छोटा तुकडा ओल्या बोटाने एका बाजूने पुसला तर तो सुरळी होतो; सुरळीची लांबी ज्या दिशेला, त्या दिशेला ग्रेन. ही शेवटची तपासणी मला सगळ्यात खात्रीची वाटते, कारण ती डोळ्याला दिसते.

तपासलं की लगेच शीटच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक बाण काढून ठेवा. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावरही. चार तुकडे झाल्यावर कुठला कुठल्या बाजूचा हे कोणाच्याही लक्षात राहत नाही.

मग ए५ कार्ड करायचंच नाही का?

करायचं, पण ए४चं पाकीट घ्यायचं नाही. ए३ शीट घ्या, ग्रेन लांब बाजूने म्हणजे ४२०च्या दिशेने आहे याची खात्री करा, आणि ते मधून कापा. आता जे दोन ए४ तुकडे मिळतील त्यांच्यात ग्रेन २१०च्या बाजूने असेल, आणि ए५ची घडीही त्याच दिशेने पडेल. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मोठी शीट घेतली की दुकानदार कापूनही देतात. फक्त "घडी या दिशेने येणार आहे" हे त्यांना शीटवर बोट ठेवून दाखवा. तोंडी आडवं-उभं सांगितलं की घोळ होतो, कारण तुमचं आडवं आणि त्यांचं आडवं एक असेलच असं नाही.

हातकागद वापरत असाल तर हा प्रश्न बराचसा सुटतो. हातकागदात लगद्याच्या हौदात चौकट बुडवून एकेक कागद उचलला जातो, त्यामुळे तंतू जवळजवळ सगळ्या दिशांना पसरतात. शिवाय तो बहुधा सुती चिंध्यांपासून होतो, आणि कापसाचे तंतू लांब आणि चिवट असतात. आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही हातकागदाची जुनी गावं, आणि पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासूनची. लग्नपत्रिका आणि भेटकार्डांसाठी मला या कागदाची घडी सगळ्यांत आवडते. ती कापडासारखी पडते. फक्त ज्या कागदात फुलांच्या पाकळ्या किंवा गवताच्या काड्या मिसळलेल्या असतात, त्यात घडीच्या रेघेवर पाकळी येणार नाही असं बघा. पाकळी असते तिथे घडी हमखास उघडी पडते.

रेघ पाडणं: दिशा बरोबर असूनही घडी फुटत असेल तर

साधारण १६० जीएसएमच्या वर कुठलाही कागद नुसता हाताने दुमडू नका. आधी रेघ पाडायची, मग दुमडायचं. बोन फोल्डर, म्हणजे रेघ पाडायची आणि घडी दाबायची बोथट पट्टी, असेल तर उत्तम. नसेल तर शाई संपलेलं बॉलपेन किंवा विणकामाची बारीक सुई, आणि स्टीलची पट्टी. मी अजूनही बहुतेक कामं रिकाम्या बॉलपेनने करते.

यात तीन चुका नेहमी दिसतात.

पहिली, खालचा आधार कडक असणं. काचेवर किंवा सनमायक्यावर रेघ पाडली की कागद नुसता घासला जातो, खोबण पडत नाही. खाली कटिंग मॅट किंवा वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या हव्यात.

दुसरी, एकदाच जोर लावणं. त्याने रंग तिथेच खरवडला जातो. तीन वेळा हलका हात फिरवा. आणि रेघ लवकर पडावी म्हणून कटरने अर्धा कागद कापायचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका. पहिल्या दिवशी घडी देखणी दिसते, पण दहा वेळा कार्ड उघडलं की कण्यातून सुटतं.

तिसरी चूक बहुतेक सगळ्याच करतात. रेघ पाडली की कागदावर एका बाजूला खोबण आणि दुसऱ्या बाजूला किंचित उंचवटा येतो. सहज वाटतं की खोबणीकडे दुमडायचं, वहीच्या मधल्या घडीसारखं. बरोबर उलट आहे: उंचवटा घडीच्या आत गेला पाहिजे, खोबण बाहेर राहिली पाहिजे. म्हणजे रेघ कार्डाच्या बाहेरच्या, दिसणाऱ्या बाजूने पाडायची आणि तिच्यापासून दूर दुमडायचं. उंचवटा आत बिजागरीसारखा बसतो आणि बाहेरच्या थरावरचा ताण कमी होतो. एकाच कागदाच्या दोन तुकड्यांवर दोन्ही तऱ्हेने करून बघा, फरक भिंगाशिवाय दिसतो.

दुमडल्यावर घडी घट्ट करताना गडद कागदावर चकाकी येते. कार्ड आणि फोल्डर यांच्यामध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवा, येणार नाही.

छापून आणलेली कार्डं

लेझर प्रिंटरची शाई कागदात मुरत नाही, वर वितळून चिकटते. त्यामुळे पूर्ण पृष्ठभाग गडद रंगाने भरला असेल तर ग्रेन, रेघ सगळं बरोबर असूनही घडीवर ती थोडीफार तडकतेच. यावर माझा उपाय डिझाइनमध्येच आहे: घडीच्या दोन्ही बाजूंना मिळून पाचेक मिलिमीटरची पट्टी कोरी किंवा फिक्या रंगाची ठेवा. इंकजेटची शाई कागदात शिरते, तिथे हा त्रास बराच कमी.

सजावटीच्या घड्यांची स्वतःची दुखणी

*दोन दारांचं कार्ड.* दोन्ही पाखं मधोमध येऊन भिडणारं, वाड्याच्या दरवाजासारखं कार्ड. तक्रार ठरलेली: दारं एकमेकांवर चढतात आणि कार्ड मिटत नाही. २९७चे चार सारखे भाग केले की कागदाच्या जाडीला जागाच उरत नाही. ए४वर डावीकडून ७४ आणि २२३ मिलिमीटरवर रेघा पाडा. दारं ७४-७४ची, मधला भाग १४९चा, म्हणजे मध्ये एक मिलिमीटरची फट राहते. ३०० जीएसएमला ती दोन मिलिमीटर करा. इथेही घडी २१०च्या दिशेने जाते हे लक्षात ठेवा. ए४च्या पाकिटातल्या शीटवर हे कार्ड फुटणारच. ए३ कापूनच करा.

*निऱ्यांचं फूल.* कागदाची पट्टी पंख्यासारखी दुमडून गोल बसवलेलं फूल दिवाळीच्या कार्डांवर दिव्यामागे फार शोभतं, आणि सगळ्यांत जास्त रडवतंही तेच. एक तर ते सपाट बसत नाही, किंवा दोन पट्ट्या जोडल्या की सांध्यावर निरी उलटी येते.

सपाट न बसण्याचं कारण साधं गणित आहे. पट्टी चार सेंटिमीटर रुंद असेल तर फुलाची त्रिज्याही चार, आणि बाहेरचा घेर सुमारे २५ सेंटिमीटर. पट्टीची लांबी त्याहून बरीच जास्त असेल तरच घेरावर निऱ्या उरतात. ३० सेंटिमीटरच्या पट्टीत निऱ्या जेमतेम दिसतात, फूल ताणलेलं वाटतं आणि मध्ये वर उचललं जातं. मी चाळीसच्या आसपास घेते.

पट्टी कापताना मोह होतो तो ए४च्या लांब बाजूने कापायचा, २९७ची एकच पट्टी मिळावी म्हणून. तसं केलं की सगळ्या निऱ्या ग्रेनला आडव्या येतात, फुगतात आणि सुटतात. आखूड बाजूने कापा, २१ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, आणि एकेक सेंटिमीटरवर निऱ्या घाला. प्रत्येक पट्टीत २१ भाग येतात. पहिल्या पट्टीचा शेवटचा भाग दुसरीच्या पहिल्या भागावर चिकटवा, आणि दुसरीचा शेवटचा पहिलीच्या पहिल्यावर. राहिले ४० भाग, सम संख्या, त्यामुळे वर-खाली निऱ्या सांध्यावरही ओळीत लागतात. पट्टीत भागांची संख्या विषम असली की सांधा आपोआप जुळतो. वीस भागांच्या पट्ट्या केल्या तर एक पट्टी पालथी घालावी लागते, आणि एकाच बाजूने रंगीत कागदाला ते चालत नाही.

खुणा करताना पट्टी सरकवत एकेक सेंटिमीटर मोजू नका. अर्ध्या मिलिमीटरची चूक वीस वेळा झाली की एक सेंटिमीटर गेला. पट्टी शून्यावर एकदाच ठेवा आणि सगळ्या खुणा तिथूनच करा. कागद ८० ते १२० जीएसएमचा पुरतो. त्याहून जाड असेल तर एकाआड एक रेघ उलट्या बाजूने पाडावी लागते, कारण एक घडी वर आणि एक खाली जाते. हे केलं नाही तर निम्म्या निऱ्या टोकदार आणि निम्म्या बोथट दिसतात. फूल बसवताना मागे जाड कागदाची चकती आणि मधोमध गरम गोंद. चकती लावून मिनिटभर तळव्याने दाबून धरा.

*उघडलं की उभी राहणारी पायरी.* कार्डाच्या घडीवर दोन काप देऊन आत ढकललेला चौकोन, त्यावर गणपती, गुढी किंवा केक. मिटल्यावर तो बाहेर डोकावतो अशी तक्रार येते. चौकोनाची खोली आणि उंची मिळवा. ही बेरीज कार्डाच्या एका पानाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. १०५ मिलिमीटर रुंदीच्या ए६ कार्डात चाळीस खोल आणि चाळीस उंच पायरी आत राहते, साठ आणि साठची राहणार नाही. पायरीवर चित्र चिकटवलं असेल तर त्याची वर आलेली उंचीही या हिशेबात धरा.

ऋतू आणि गोंद

ही गोष्ट मला उशिरा लक्षात आली. राखी-गणपतीच्या दिवसांत माझी कार्डं फारशी फुटत नाहीत, पण वाकतात. दिवाळी ते संक्रांत वाकत नाहीत, पण फुटतात. कोरड्या हवेत कागदातली ओल कमी होते आणि तंतू ठिसूळ होतात. एसीच्या खोलीत ठेवलेल्या कागदाचंही तेच. थंडीत काम असेल तर आदल्या रात्री कागद पाकिटातून काढून स्वयंपाकघराच्या जवळ मोकळे ठेवा, थोडी ओल धरतात. पाणी शिंपडू नका.

पावसाळ्यात उलट: कागद ग्रेनला आडवा फुगतो. त्यात पाण्याचा पांढरा गोंद भरपूर लावला की कार्ड पापडासारखं वळतं. मोठ्या पृष्ठभागाला दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक, आणि दोन थर चिकटवायचे असतील तर दोन्हींचा ग्रेन एका दिशेला ठेवा. मग गोंद सुकेपर्यंत जाड पुस्तकांखाली रात्रभर.

फुटलेल्या कार्डांचं काय करायचं

अकरा कार्डं मी टाकली नाहीत. पांढऱ्या रेघेवर त्याच छटेची रंगपेन्सिल टोक न करता, आडवी धरून फिरवली. स्केचपेन वापरू नका, ते पसरतं आणि रेघ आणखी रुंद दिसते. पेन्सिलीने सात कार्डं देण्याजोगी झाली. उरलेल्या चारांच्या कण्यावर अर्ध्या इंचाची खणाची पट्टी चिकटवली, निऱ्यांच्या सोनेरी रंगाला जुळणाऱ्या काठाची. ज्या काकूंनी आमंत्रणं सांगितली होती त्यांनी नेमकी ती चार घरच्यांसाठी बाजूला काढून ठेवली.

या वर्षी त्यांनी पन्नास सांगितली आहेत, सगळी खणाच्या कण्याची. ए३ शीट आणून झाली आहेत, मागे बाणही काढून झाले आहेत.